चौंडके : काखेतले वाद्य आणि गळ्यातले मोती

गोव्यातील माणसाला बेळगाव कधी परके वाटत नाही. चोर्ल्याचा घाट चढला, कणकुंबी आणि जांबोटी मागे टाकली की बेळगाव आलेच. लग्नाचे कापड, भाजीपाला, कुंदा आणि मोठे दुखणे निघाले तर इस्पितळ, अशी आपली बेळगावशी जुनी गाठ. त्यातच गाणेही आले. रामकृष्णबुवा वझे यांचे तिथले वास्तव्य, १९२४ साली सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व, पिढ्यान्‌पिढ्यांना पेटी शिकवणारे पं. रामभाऊ विजापुरे ही नावे आपल्याकडच्या बैठकीत सहज निघतात. बेळगावच्या संगीतावर लिहायला बसणारा कुणीही याच नावांपासून सुरुवात करतो. मीही केली! पण आज ज्या वाद्याविषयी सांगायचे आहे ते या यादीत कधी बसलेच नाही. त्याचे नाव चौंडके.

चौंडके हे सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जोगतिणींचे आणि जोगत्यांचे वाद्य. एक लाकडी नळकांडे घ्या. त्याच्या एका तोंडावर कातडे ताणून बसवलेले असते, दुसरे तोंड मोकळे. कातड्याच्या बरोबर मध्यातून एक तात निघते, नळकांड्याच्या पोटातून बाहेर येते आणि तिचे टोक एका लहानशा मुठीला बांधलेले असते. नळकांडे डाव्या काखेत दाबायचे, डाव्या हाताने मूठ ओढून तात ताणायची आणि उजव्या हातातल्या लाकडाच्या तुकड्याने ती छेडायची. ओढ वाढवली की स्वर चढतो, सैल सोडली की उतरतो. पडदे नाहीत, खुंटी नाही. बंगालच्या बाउलांचे खमक ज्यांनी ऐकले आहे त्यांना हे कुळ ओळखू येईल. जोगतिणींच्या मेळ्यात एकीच्या हाती चौंडके, दुसरीच्या हाती तुणतुणे (कन्नड मुलखात त्याला श्रुती म्हणतात) आणि तिसरीच्या हाती झांज. एवढ्या सामग्रीवर रात्रभर देवीची गाणी चालतात.

माझी चौंडक्याशी पहिली ओळख कानाने झाली नाही, पुस्तकाने झाली. राजन गवस यांची 'चौंडकं' ही कादंबरी १९८५ साली आली. गवस हे गडहिंग्लजकडचे, म्हणजे याच सीमाभागातले. देवीला सोडलेल्या मुलीचे आयुष्य त्यांनी त्या मातीच्या बोलीत लिहिले. पुढे १९८८ साली 'भंडारभोग' आली, त्यात जोगत्यांचे जग होते. या दोन कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची 'दर्शन' ही कथा यांवर २००९ साली 'जोगवा' चित्रपट निघाला, तेव्हा ते वाद्य पुष्कळांनी पडद्यावर पाहिले. कादंबरी वाचताना मला मात्र एकच कुतूहल राहिले होते. ज्या वाद्याचे नाव आख्ख्या आयुष्याला द्यावेसे वाटले, ते वाजते तरी कसे?

ते सौंदत्तीच्या डोंगरावर माघातल्या पौर्णिमेला ऐकले. बैलगाड्या, ट्रॅक्टर, एस.टी. बसगाड्या, भंडाऱ्याने पिवळी झालेली माणसे, डोक्यावर जग घेतलेल्या बायका आणि 'उदो उदो'चा गजर. त्या गदारोळात चौंडक्याचा आवाज वेगळा निघतो. तो तारेच्या वाद्यासारखा झंकारत नाही आणि ढोलासारखा आदळतही नाही. पोटातून 'डुंव्' असा उठतो आणि शेवटी वर वळतो, जणू कुणी प्रश्न विचारून थांबले आहे. शेजारच्या मेळ्यात गाणे कन्नड होते, पलीकडच्या मेळ्यात मराठी. ओढ मात्र दोन्हीकडे तीच. महाजन आयोगाने १९६७ साली कुठे रेघ मारली आणि कुणी ती मानली नाही, याचा त्या तातेला पत्ताच नव्हता.

शिकायचे मनात आले तेव्हा निपाणीच्या एका स्नेह्याने वाट दाखवली. निपाणी म्हणजे तंबाखूचे गाव. हमरस्त्यालगत वखारी, हवेत तो घशाला लागणारा तिखट वास, कोल्हापूर जवळ आणि बेळगाव लांब. त्या परिसरातल्या एका खेड्यात मेळ्याबरोबर हिंडलेल्या एक वयस्क बाई राहतात. त्यांचे नाव इथे देत नाही. मी त्यांना मावशी म्हणतो, त्या मला दादा म्हणतात. मुलगी वखारीत कामाला जाते, नात शाळेत जाते. चौंडके घरात आड्याला टांगलेले होते. मी शिकवणीचे विचारले तेव्हा त्यांनी आधी माझ्या गळ्याकडे पाहिले आणि हसल्या. "तुमच्या गळ्यात मोती न्हाईत, तुम्हांस्नी शिकवायला काय भ्या?" त्या एका वाक्यात या लेखाचा सगळा विषय आहे, हे मला पुढे हळूहळू उलगडत गेले.

आधी हाताचे सांगतो. सुरुवातीला वाटते की उजवा हात वाजवतो आणि डावा नुसता धरतो. प्रत्यक्षात उलट आहे. उजव्या हाताला ठेका धरायचा एवढेच काम. गाणे सगळे डाव्या हातात. मूठ किती ओढायची, आघाताच्या आधी ओढायची की नंतर, ओढून धरायची की लगेच सोडायची, यावर तो शेवटचा 'वळ' ठरतो. आघाताआधी ओढली तर नुसता उंच स्वर मिळतो. आघात झाल्यावर ओढली तर स्वर चालत वर जातो. सोडताना सगळी एकदम सोडली तर आवाज मरतो, धाग्याधाग्याने सोडली तर तो खाली उतरून बसतो. काखेचा दाब हा तिसरा हात. नळकांडे फार घट्ट दाबले तर ते गुदमरते, सैल धरले तर ओढीबरोबर पुढे सरकते. पहिल्या आठवड्यात माझी काख सोलवटली. मावशींनी पदराची घडी काखेत कशी ठेवायची ते दाखवले. मी टॉवेल वापरला.

यांतले काहीही त्या शब्दांत सांगत नाहीत. त्यांची शिकवणी म्हणजे गाण्याची एक ओळ म्हणायची, वाजवायची आणि माझ्याकडे बघायचे. चुकले तर पुन्हा तीच ओळ. स्वर सा आहे की रे, असले त्यांच्याकडे काही नाही. गाणारणीचा गळा जिथे असेल तिथे तात नेऊन ठेवायची. प्रवासात गळा बसला तर तातही खाली उतरते. हार्मोनियमच्या मुलखात हे ऐकायला गंमत वाटते. तिथे गळ्याने पेटीशी जुळवून घ्यायचे, इथे वाद्य गळ्याची मर्जी सांभाळते.

या आवाजामागे थोडे शास्त्रही आहे. सतारीत तार घोडीवरून जाते आणि घोडीमार्फत तबलीला हलवते. चौंडक्यात किंवा एकतारीच्या अशाच प्रकारात तात कातड्याला काटकोनात जोडलेली असते. तात डावीकडे झुकली की ताणते आणि कातड्याला ओढते. मध्यावर आली की ढिली पडते, उजवीकडे झुकली की पुन्हा ताणते. म्हणजे तातेच्या एका हेलकाव्यात कातडे दोनदा ओढले जाते. त्यामुळे त्या आवाजात तातेच्या मूळ स्वराच्या वरच्या सप्तकाचा जोर येतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९०९ साली, वयाच्या विशीत, एकतारीवर एक छोटा निबंध लिहिला होता. नोबेल मिळवणाऱ्या माणसाला भिक्षेकऱ्याच्या वाद्यात रस वाटला, हे मला फार मोलाचे वाटते.

आता मोत्यांविषयी. जोगतिणीच्या गळ्यात देवीच्या नावाने लाल-पांढऱ्या मण्यांची माळ घालतात. तिलाच मोती किंवा दर्शन म्हणतात. माळ पडली की मुलगी देवीची झाली. तिचे लग्न होत नाही. मंगळवार-शुक्रवारी परडी घेऊन जोगवा मागायचा, आणि बहुतेकींच्या नशिबी गावातल्या कुणा धनवंताची मर्जी किंवा शहरातली बाजारपेठ. माळ पडणाऱ्या मुली बहुतांशी दलित घरांतल्या. चौंडके वाजवायचा हक्कही या माळेबरोबर येतो. परशुरामाने राक्षसाला मारून त्याच्या देहापासून आईसाठी हे वाद्य केले, अशी कथा डोंगरावर सांगतात. म्हणून ते ज्याने त्याने हाती धरायचे नाही, देवीच्या माणसाने धरायचे. थोडक्यात, या वाद्याची शाळा एकच, आणि तिची फी म्हणजे एका मुलीचे आयुष्य.

ही शाळा बंद पाडायचे प्रयत्न जुने आहेत. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे १९३४ चा मुंबईचा देवदासी संरक्षण कायदा इथेही लागू होता. १९७५ साली गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली. कर्नाटकाने १९८२ साली आणि महाराष्ट्राने २००५ साली स्वतःचे कायदे केले. पण कायद्यापेक्षा मोठे काम बायकांनीच केले. निपाणीच्या वखारीतल्या स्त्रिया ऐंशीच्या सुमारास संघटित झाल्या, आणि १९८२ साली दीपा धनराज यांच्या 'युगांतर' गटाने त्यांच्यावर माहितीपट काढला. वखारीची मजुरी कष्टाची खरी, पण ती जोगव्याची भीक नव्हती. शेजारच्या चिकोडी तालुक्यातील सीतव्वा जोडट्टी यांना लहानपणी देवीला सोडले होते. त्यांनी 'मास' या संस्थेतून आपल्यासारख्या हजारो स्त्रियांना उभे केले आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मावशींची नात शाळेत जाते ती या सगळ्यांमुळे.

तेव्हा चौंडके वाजवणारे हात कमी होत आहेत ही एका अर्थी चांगली बातमी आहे. एखादी लोककला लोप पावते आहे असा गळा काढणारे लेख आपण नेहमी वाचतो. इथे तसे रडता येत नाही. मावशींना मी विचारले, नातीला शिकवणार का? त्यांनी चौंडके पुन्हा आड्याला टांगले आणि म्हणाल्या, "शाळंत शिकवत असतील तर शिकू दे. डोंगरावर न्हाई."

या उत्तरावर विचार करताना मला दूरच्या आयर्लंडची गोष्ट आठवत राहिली. तिथे आणि स्कॉटलंडमध्ये पितळी तारांची एक वीणा शेकडो वर्षे वाजत होती. गेलिक सरदारांच्या दरबारात तिचा मान मोठा. वादक नखे वाढवून त्या तारा छेडत. सरदारक्या मोडल्या, तसे वादक दारोदार हिंडू लागले. १७९२ च्या जुलैत बेलफास्ट शहरात काही जाणत्या लोकांनी उरलेल्या वादकांचा मेळावा भरवला. आयर्लंडभरातून जेमतेम दहा आले, त्यांतले बरेच आंधळे. नखांनी वाजवायची जुनी पद्धत त्यांतल्या एकाच माणसाकडे उरली होती, नव्वदी ओलांडलेल्या डेनिस हेम्पसनकडे. एडवर्ड बंटिंग नावाच्या एकोणीस वर्षांच्या ऑर्गनवादकाला सूर टिपून घ्यायला बसवले. त्याने ते काम जन्मभर केले आणि १७९६, १८०९ व १८४० साली पुस्तके काढली. पण सूर छापले ते पियानोसाठी जुळवून! त्यामुळे चाली वाचल्या आणि हात गेले. तार कशी छेडायची, कोणती तार लगेच दाबायची आणि कोणती वाजत ठेवायची, हे वादकांबरोबर पुरले गेले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही वादकांनी हे वाद्य पुन्हा शिकायचे ठरवले, तेव्हा त्यांना डब्लिन आणि एडिंबराच्या संग्रहालयांतल्या जुन्या वीणांच्या प्रती करून घ्याव्या लागल्या. बंटिंगने १८४० च्या पुस्तकात बोटांच्या हालचालींची काही नावे दिली होती, त्या चार पानांवरून त्यांनी एकेक हालचाल शोधून काढली. गुरू मेलेला, वाद्य काचेच्या कपाटात, अशी ती शिकवणी.

आपल्याकडे अजून ती वेळ आलेली नाही. गाणी पुष्कळांनी गोळा केली आहेत, छापली आहेत. पण चौंडक्याची विद्या गाण्याच्या शब्दांत नाही, ती डाव्या हाताच्या ओढीत आहे. छापील ओळीत तो 'वळ' येत नाही. आणि तो हात आज निपाणीत, संकेश्वरात, गडहिंग्लजात, सौंदत्तीत जिवंत आहे. प्रश्न एवढाच, की माळेशिवाय तो हात पुढे जाऊ शकेल का?

या ठिकाणी गोव्याच्या वाचकाला मी थोडे थांबवणार आहे, कारण हा प्रश्न आपण एकदा सोडवलेला आहे. आपल्या देवळांतही कलावंतिणी होत्या. राजाराम रंगाजी पैंगीणकर यांचे 'मी कोण?' हे आत्मचरित्र ज्यांनी वाचले आहे त्यांना ते जिणे सांगायला नको. त्या समाजाने स्वतः संघटना उभारून मुलींना शिकवले, देवळाच्या बांधीलकीतून सोडवले. गाणे मात्र टाकले नाही. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई यांनी ते मैफलीत नेले. केसरबाईंचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेला. गाणे राहिले, बांधीलकी गेली. मग चौंडक्याचे तसे का झाले नाही? कारण ख्यालाला संस्थानिक होते, शेठसावकार होते, रेकॉर्ड कंपन्या होत्या. चौंडक्याला फक्त परडीत पडणारे पीठमीठ होते. ज्या बाईला गावाने विहिरीवर येऊ दिले नाही, तिच्या वाद्याला मैफलीत कोण बसवणार? कला लोप पावण्याचे कारण पुष्कळदा तिच्यात नसते, ती कुणाच्या हातात आहे यात असते.

आणि आपले हात अगदीच कोरडे नाहीत. वास्कोच्या बायण्याची वस्ती २००४ साली जमीनदोस्त झाली. त्या वस्तीत उत्तर कर्नाटकातून आलेल्या कितीतरी स्त्रिया होत्या आणि त्यांत देवीला सोडलेल्याही होत्या. सौंदत्तीच्या डोंगरावरून निघालेली वाट गोव्याच्या किनाऱ्यावर येऊन संपत होती. चोर्ल्याच्या घाटातून नुसता भाजीपाला खाली येत नव्हता.

दुसरे उदाहरण घुमटाचे. आपल्या घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे लागत असे. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्याने घोरपड मारणे गुन्हा ठरले, तेव्हा घुमट आता संपला असेच पुष्कळांना वाटले. कारागिरांनी बकऱ्याचे कातडे लावून पाहिले. आवाज थोडा बदलला, जुन्या कानांना तो रुचला नाही. पण आरती थांबली नाही, आणि २०१९ साली घुमट गोव्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर झाले. घोरपडही वाचली, घुमटही वाचला. मुलगी आणि घोरपड यांची तुलना कुणी करणार नाही, पण जे वाद्य एका जिवाच्या किमतीवर उभे असते ते त्या किमतीशिवायही उभे राहू शकते, एवढे घुमटाने आपल्याला दाखवले आहे.

कर्नाटकात याची सुरुवात झालेली दिसते. मंजम्मा जोगती यांनी जोगती नृत्य देवळाच्या आवारातून रंगमंचावर नेले. २०१९ साली त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. घराने टाकलेल्या तृतीयपंथी कलावंताला हा मान मिळाला, हे आपल्या पिढीने पाहिले. पण एका कलावंताचा मान म्हणजे शाळा नव्हे. शाळा हवी असेल तर काही साध्या गोष्टी कराव्या लागतील. ज्यांच्या हातात ही विद्या आहे त्यांना गुरू म्हणून मानधन द्यायचे, भिक्षा नव्हे. त्यांच्या हातांचे, विशेषतः डाव्या हाताचे, जवळून चित्रीकरण करायचे. गाणे कोणत्या प्रसंगाचे, ओढ कुठे, सोड कुठे, हे त्यांच्याच शब्दांत टिपायचे. आणि शिकणाऱ्याच्या गळ्यात काय आहे, तो कोणत्या जातीचा, मुलगा की मुलगी, हे विचारायचे नाही. बेळगाव, कोल्हापूर आणि गोवा या तिन्ही ठिकाणी विद्यापीठे आहेत. हे काम त्यांना जड नाही.

माझ्यापुरते सांगायचे तर मला आज चार चाली वाजवता येतात, त्याही सावकाश. ओढ जमते, सोड अजून जमत नाही. मावशी म्हणतात सोडायला वर्षे लागतात. मी जातो तेव्हा त्यांच्या वेळेचे पैसे देतो. पहिल्यांदा त्यांनी ते परडीत ठेवायला सांगितले होते. आता हातात घेतात, मोजतात आणि नातीच्या वहीत लिहून ठेवायला लावतात. वहीवर नातीने कन्नडमध्ये शिकवणी असे लिहिले आहे.